अंगणातला पाला: आधी ताडपत्री, मग खराटा, ब्लोअर सगळ्यात शेवटी

आपल्याकडची खरी पानगळ संक्रांतीनंतर सुरू होते आणि पाडव्यापर्यंत चालते. साग तर डिसेंबरपासूनच पानं टाकायला लागतो. जानेवारी-फेब्रुवारीत देशी बदाम लालभडक होऊन गळतो, पाठोपाठ कडुनिंब, जांभूळ, पिंपळ. आंबा आणि फणस सदाहरित म्हणवतात, पण पानं टाकत नाहीत असं नाही, उलट वर्षभर थोडी थोडी टाकतच असतात.

फ्लॅट सोडून पहिल्यांदाच अंगणाच्या घरात राहायला आलेल्या माणसाला हे सगळं नवं असतं. दोन रविवार तो घरातल्याच कुंच्याने अंगण झाडतो आणि तिसऱ्या रविवारी मोबाइलवर ब्लोअर, म्हणजे हवेच्या झोताने पाला उडवायचं यंत्र, शोधायला बसतो. हा लेख त्या तिसऱ्या रविवारच्या आधी वाचायचा आहे.

सांगायचं आहे ते एवढंच, की पाला एका जागी लोटणं हा कामातला सोपा भाग आहे. कंबर मोडते ती पुढे, तो उचलताना आणि कुठेतरी नेऊन टाकताना. बाजारात मात्र सगळी चमकदार अवजारं लोटण्याचीच विकायला असतात. म्हणून खरेदी उलट्या टोकाकडून करायची. पाला जाणार कुठे हे आधी ठरवायचं, मग तिथवर नेण्याचं साधन बघायचं, आणि झाडण्याचं अवजार त्यानंतर.

पहिली पायरी: पाला जाणार कुठे?

जाळायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला मनाई केली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने साध्या प्रकाराला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपयांचा दंड ठरवून दिला. कायदा बाजूला ठेवला तरी पाल्याचा ढीग धड पेटत नाही, वरून जळतो आणि आतून दिवसभर धुमसतो. तो धूर सगळ्यात आधी शेजारच्या दम्याच्या आजोबांकडे जातो. कोकणात शेतात भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, पातेरा (सुका पाला) जाळतात, त्याचा दाखला कोणी ना कोणी देतोच. बंगल्याच्या फाटकाशी पेटवलेला ढीग म्हणजे भाजावळ नव्हे.

मग उरतात तीन-चार वाटा. सगळ्यात सोपी म्हणजे आच्छादन. झाडांच्या आळ्यात आणि कुंड्यांत तीन-चार इंचाचा थर पसरला की उन्हाळ्यात पाणी कमी लागतं. खोडाला मात्र टेकवू नका, चार बोटं मोकळी सोडा, नाहीतर साल कुजते आणि वाळवी लागते. पाच-सहा झाडं असलेल्या अंगणात मोसमातला बराच पाला इथेच जिरतो.

उरलेल्यासाठी जाळीचा पिंजरा करा. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती किंवा त्याहून थोडी जाड जाळी, तीन फूट रुंदीची, दहा फूट लांब आणायची. दोन टोकं तारेने जोडली की तीन फूट व्यासाचं गोल पिंप होतं. यात पाला भरत जायचा, दर फूटभर थरावर शेणकाला किंवा आंबट ताकाचं पाणी शिंपडायचं. सुक्या पाल्यात कर्ब भरपूर आणि नत्र कमी, त्यामुळे तो एकटा ठेवला तर नुसता बसून राहतो. स्वयंपाकघरातला ओला कचरा किंवा लॉनचं कापलेलं हिरवं गवत मधूनमधून टाकलं तरी चालतं. ओल किती हवी? आतला मूठभर पाला काढून घट्ट पिळा. एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर जास्त, काहीच नाही तर पाणी घाला. सहा महिने ते वर्षभरात खाली काळं, भुसभुशीत खत मिळतं. साग आणि आंब्याची पानं सगळ्यात चिवट, ती मागे राहतात. त्यांना पुढच्या भरावात परत टाकायचं.

जागाच नसेल तर देऊन टाका. पुण्यात ‘ब्राऊन लीफ’ नावाचा नागरिकांचा उपक्रम नेमकं हेच करतो, ज्यांच्याकडे पाला जास्त आहे त्यांची आणि ज्यांना तो हवा आहे त्यांची गाठ घालून देतो. गच्चीवर बाग करणारी मंडळी सुका पाला आनंदाने नेतात. तुमच्या गावात असं काही नसेल तर जवळच्या रोपवाटिकेत विचारून बघा. घंटागाडीचा मार्ग शेवटचा. बागेचा कचरा वेगळा ठेवावा असं नियमच सांगतात, त्यामुळे ओल्या कचऱ्यात मिसळून दिलात तर गाडीवाला परत करणार आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

दुसरी पायरी: पान बघा, जमीन बघा

अवजार ठरतं ते पानाच्या आकारावर आणि जमिनीच्या पोतावर. अंगण किती मोठं आहे हा प्रश्न नंतरचा.

गुलमोहोर, सोनमोहोर आणि विलायती शिरीष ही झाडं रस्त्याकडेला सुंदर दिसतात, पण त्यांची पर्णिका नखाएवढी. ती फरशीच्या सांध्यात, पेव्हर ब्लॉकच्या फटीत, पायपुसण्यात, सगळीकडे शिरते. तिथे पंजा, म्हणजे लांब दांड्याचं दातांचं अवजार, फिरवून उपयोग नाही, दातांमधून सगळं निसटतं. खराटाच हवा, आणि तोही दाट काड्यांचा. उलट बदाम, फणस, आंबा यांची पानं मोठी आणि जाड, ती पंज्याला झकास येतात. सागाचं पान तर हात-दीड हात लांब असतं. ते झाडत बसण्यापेक्षा वाकून उचललेलं बरं, किंवा टोकदार सळईने टोचून गोळा करावं. पिंपळाचं पान हलकं आणि लांब देठाचं, वाऱ्याबरोबर पळतं. त्याच्याशी सकाळीच निपटायचं.

आता जमीन. शहाबादी, कोबा आणि पेव्हर ब्लॉक यांवर खराटा छान चालतो, हवं तर ब्लोअरही. मुरूम टाकलेल्या अंगणात खराटा जोरात मारलात तर पाल्याबरोबर मुरूमही गोळा होतो आणि दोन वर्षांत अंगण उघडं पडतं. तिथे पंजा हलक्या हाताने ओढावा. कोकणातल्या शेणाने सारवलेल्या खळ्यात कडक खराटा नकोच, सारवण उखडतं. तिथे जुना, झिजून मऊ झालेला हिरांचा, म्हणजे नारळाच्या पात्यांतल्या काड्यांचा, झाडू लागतो, नवा आधी मागच्या परसात झिजवायचा. लॉन असेल तर फक्त पंखा-पंजा, म्हणजे पंख्यासारख्या पसरट, लवचीक दातांचा पंजा. खडी अंथरलेल्या वाटांवर मात्र काहीच धड चालत नाही, बागेचा आराखडा करणाऱ्याने हे आधी सांगायला हवं होतं. तिथे मोठी पानं हाताने वेचा. बाकीची ब्लोअर कमी वेगावर ठेवून उडवता येतात.

तिसरी पायरी: खराटा निवडणं

शंभर-दीडशे रुपयांची वस्तू, तिच्यात काय निवडायचं, असं वाटतं. पण रोज हातात असणारं अवजार हेच, म्हणून दुकानात पाच मिनिटं जास्त उभं राहा.

खराटा बहुतेक ठिकाणी नारळाच्या झावळीच्या हिरांचा मिळतो. देशावर काही बाजारांत तुराट्यांचाही (तुरीच्या वाळक्या काड्यांचा) असतो, तो जास्त कडक, मातीच्या अंगणाला आणि गोठ्याला चांगला. हिरांचा घेताना आधी बुडाकडे बघा. काड्या बुडाशी जाड आणि शेंड्याकडे निमुळत्या असाव्यात. शेंडे कापून सरळ केलेला खराटा दिसायला नीटनेटका, पण त्याची लवचीक टोकंच गेलेली असतात, तो झाडत नाही, खरवडतो. एक काडी ओढून वाकवा. हिरवट-तपकिरी असेल आणि कमानीसारखी वाकली तर ताजी. कटकन मोडली तर माल जुना, महिन्याभरात निम्मा खराटा अंगणात पडलेला असेल.

बांधणी तारेची असेल तर दोन ठिकाणी हवी, बुडाशी आणि त्याच्या वर चार बोटांवर. सुतळीची बांधणी वाळली की सैल पडते. घरी आणल्यावर बूड जमिनीवर सरळ चार-सहा वेळा आपटा, वर-खाली झालेल्या काड्या आत बसतात. नंतर कधी सैल वाटला तर बांधणीच्या मधोमध लाकडाची छोटी पाचर ठोका, पुन्हा घट्ट होतो.

सगळ्यात महत्त्वाचा आहे दांडा. बिनदांड्याचा खराटा म्हणजे कमरेतून वाकणं आलं, आणि चाळिशीनंतर ते एका रविवारपुरतंच परवडतं. सफाई कामगारांचे खराटे पाहा, लांब बांबूला बांधलेले असतात. उगीच नाही. बांबू असा घ्या की टोक जमिनीवर ठेवल्यावर दुसरं टोक तुमच्या हनुवटीपर्यंत यावं. घरात दोन माणसं झाडणार असतील आणि उंचीत फरक असेल तर दांडा उंच माणसाच्या मापाने कापा, बुटक्या माणसाला तो खाली धरता येतो.

चौथी पायरी: पंजा

हार्डवेअरच्या दुकानात पंजा मागितलात तर दोन वेगळ्या वस्तू पुढे येतात. एक असतं जाड, आखूड, सरळ लोखंडी दातांचं दाताळं. ते माती सारखी करायला, ढेकळं फोडायला, खडे ओढायला. पाल्यासाठी घेऊ नका, पानं दातांत टोचून बसतात आणि दर दोन ओढींनंतर काढावी लागतात. लॉनवर फिरवलं तर गवत मुळासकट येतं.

तुम्हाला हवा तो पंख्यासारखा पसरलेला, पातळ, लवचीक दातांचा. तो तारेचा, प्लास्टिकचा किंवा बांबूच्या कामट्यांचा मिळतो. प्लास्टिकचा हलका असतो, पण उन्हात बाहेर राहिला की दुसऱ्या उन्हाळ्यात दात तुटतात. तारेचा टिकतो. सरकपट्टीने पंखा कमी-जास्त पसरता येईल असा मिळाला तर घ्या. मिटवला की कुंड्यांच्या मधून आणि झुडपांच्या बुडातून पाला ओढता येतो, पसरला की मोकळ्या जागेत चालतो. दांडा बसतो त्या जागी स्क्रू आहे की नुसता दाबून बसवलाय ते बघा. नुसता दाबलेला असेल तर तिसऱ्या दिवशी पंजा जमिनीवर आणि दांडा हातात.

ओढताना लांब हात टाकू नका. पायाजवळ आखूड ओढी, आणि स्वतः मागे सरकत जायचं. वारा पाठीशी घ्या.

पाचवी पायरी: उचलण्याचं सामान

इथे पैसे खर्च करा, आणि खर्च खरं तर फारच थोडा आहे.

घमेलं आणि सुपडी पाल्याला कुचकामी. पाला वजनाला काहीच नाही, पण जागा प्रचंड खातो. पन्नास किलो तांदळाचं रिकामं पोतं पाल्याने भरलं तरी एका हाताने उचलता येतं. घमेल्याने असा ढीग हलवायचा म्हणजे वीस खेपा. त्यापेक्षा आठ बाय सहा फुटांची ताडपत्री आणा, किंवा जुनी चादर घ्या. ढीग करायचाच तो ताडपत्रीवर करा. तिची एक बाजू जमिनीवर सपाट ठेवून पाला थेट तिच्यावर लोटत न्यायचा, मग चारी कोपरे एकत्र धरून ओढत पिंजऱ्यापर्यंत. उचलायचं काहीच नाही. जमिनीवर ढीग करून नंतर तो ताडपत्रीवर भरणं म्हणजे एकच काम दोनदा.

पोत्यात भरायचं असेल तर खरी डोकेदुखी पोत्याचं तोंड. एका हाताने तोंड उघडं धरायचं आणि दुसऱ्याने भरायचं, हे एकट्याने जमत नाही. जुनी प्लास्टिकची बादली घेऊन बूड कापून टाका. ती पोत्याच्या तोंडात अर्धी घाला आणि पोत्याची कड तिच्यावर उलटी दुमडा. तोंड आपोआप उघडं राहतं. भरायला हातात दोन प्लायवूडचे तुकडे घ्या, किंवा पाच लिटरचा तेलाचा कॅन उभा चिरून झालेले दोन अर्धे. त्यांच्या कवेत एका वेळी भरपूर पाला येतो. निम्मं भरलं की पोत्यात पाय घालून दाबा आणि पुन्हा भरा.

हाताने सरळ ढिगात घुसू नका, हे गमतीत घेऊ नका. पाल्याखाली विंचू असतो, आणि घोणस पाल्याच्या रंगात इतकी मिसळते की पायाशी असून दिसत नाही. कोकणात फुरसं, तेही विषारीच. रात्रभर पडलेला ढीग सकाळी आधी लांब दांड्याने हलवून घ्यायचा. जाड हातमोजे आणि गमबूट या खरेदीत धराच. आंब्याखाली झाडत असाल तर वर हुमल्यांचं, म्हणजे चावऱ्या लाल मुंग्यांचं, घरटं आहे का तेही बघून घ्या.

सहावी पायरी: ब्लोअर घ्यायचा का?

बहुतेक घरांना नको. कोबा किंवा पेव्हर ब्लॉकची जागा मोठी असेल, वर दोन-तीन मोठी झाडं असतील आणि झाडणारा माणूस एकटा असेल, तर जरूर विचार करा. पण काय घेता ते समजून घ्या, कारण इथे नवख्यांचे पैसे हमखास वाया जातात.

ऑनलाइन ‘ब्लोअर’ म्हणून जी स्वस्त, हातात मावणारी, वायरची यंत्रं दिसतात, ती ५०० ते ६५० वॉटची असतात. ती मुळात मोटारीवरची, एसीच्या जाळीवरची, संगणकातली धूळ उडवायला बनवलेली आहेत. मिनिटाला जेमतेम तीन-चार घनमीटर हवा टाकतात. कोरडा कडुनिंबाचा पाला गुळगुळीत फरशीवरून उडेल. दव पडलेलं बदामाचं पान जागचं हलणार नाही.

खोक्यावर हवेचे दोन आकडे असतात. एक वेग, दुसरा हवेचं प्रमाण. प्रमाण कुठे घनमीटर प्रति मिनिट असं देतात, कुठे सीएफएम, म्हणजे घनफूट प्रति मिनिट. मिनिटाला एक घनमीटर म्हणजे सुमारे ३५ सीएफएम, एवढं लक्षात ठेवलं की तुलना करता येते. जाहिरातीत वेग मोठ्या अक्षरांत छापतात, पण नळीचं तोंड अरुंद केलं की वेग वाढतोच, त्यात यंत्राचं कौतुक काही नाही. चिकटलेलं पान सोडवायला वेग लागतो, ढीग पुढे सरकवायला हवेचं प्रमाण लागतं. अंगणासाठी मिनिटाला दहा घनमीटर, म्हणजे साधारण ३५० सीएफएम, याच्या खाली बघू नका.

त्या ताकदीत तीन जाती येतात. वायरचा स्वस्त पडतो, पण वायर सतत पायात. एक्स्टेन्शन जाड तारेचं घ्या आणि ओल्या जमिनीवर चालवू नका. बॅटरीचा हाताळायला सगळ्यात सुखाचा, मात्र पूर्ण वेगावर एक बॅटरी फार वेळ टिकत नाही. जाहिरातीतला वेळ बहुधा सगळ्यात कमी वेगावरचा असतो. त्यामुळे दुसऱ्या बॅटरीची किंमत धरूनच हिशेब करा, आणि त्याच कंपनीचं ड्रिल घरात असेल तर त्याची बॅटरी चालते का ते आधी बघा. पेट्रोलचा टू-स्ट्रोक ताकदवान असतो, पण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, माहितीपुस्तिकेत १:५० की १:२५ सांगितलंय ते काटेकोर पाळायचं, मोसम संपला की टाकी रिकामी करून ठेवायची. आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे कार्ब्युरेटर चिकटतो आणि पुढच्या जानेवारीत यंत्र सुरूच होत नाही. आवाजही भयंकर. निवासी भागात दिवसा आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि हे यंत्र ती सहज ओलांडतं. रविवारी सकाळी सातला सुरू केलंत तर शेजारी नियम वाचून दाखवतील. छोट्या अंगणाला पेट्रोलचा घेणं हा माझ्या मते निव्वळ हट्ट.

मुरमाच्या अंगणात ब्लोअर पाल्याआधी धूळ उडवतो, आणि ती धूळ वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. मास्क आणि चष्मा लावा. पाला रस्त्यावर किंवा शेजारच्या कुंपणात उडवून देणं म्हणजे साफसफाई नव्हे. उडवून झाला तरी तो उचलायला ताडपत्री लागतेच, हे विकणारा सांगत नाही.

बारीक करायचं यंत्र

श्रेडर घरगुती पाल्याला क्वचितच परवडतो. स्वस्त यंत्रं फांद्यांसाठी असतात, त्यांत पाला अडकून बसतो किंवा उडून तोंडावर येतो. लॉनमोअर असेल तर पाला पातळ पसरून त्यावरून दोनदा फिरवा, बारीक होतो आणि पिंजऱ्यात निम्म्या जागेत मावतो. गाडीच्या वाटेवर दोन दिवस पसरून चाकांखाली चुरायची युक्तीही चालते. पण लांबून आलेली गरम गाडी सुक्या पाल्यावर उभी करून ठेवू नका, सायलेन्सरच्या उष्णतेने पाला पेटतो.

खरेदीचा क्रम

पहिल्या आठवड्यात ताडपत्री, लांब दांड्याचा खराटा, हातमोजे, गमबूट आणि चार पोती. एवढ्यावर एक पूर्ण मोसम काढता येतो. दुसऱ्या आठवड्यात, पानं मोठी असतील किंवा लॉन असेल तर, तारेचा पंखा-पंजा आणि पिंजऱ्याची जाळी. ब्लोअरचा विचार पुढच्या वर्षी, आणि तोही एखाद्याकडून दोन तास मागून आणून स्वतःच्या अंगणात चालवून बघितल्यावर.

काम सकाळी लवकर करा. दवाने पानं नरम असतात, धूळ उडत नाही आणि खराट्याखाली चुरा होत नाही. ब्लोअरवाल्यांनी मात्र ऊन चढून पान कोरडं होईपर्यंत थांबायचं. रोज झाडायची गरज नाही, आठवड्यातून दोनदा पुरे. फाटकाजवळचा उतार, पायऱ्या आणि पाणी वाहून जायची जाळी एवढंच रोज बघा. मे महिन्याच्या शेवटी शिडी लावून पन्हळीतला आणि गच्चीच्या नळाच्या तोंडाशी साठलेला पाला हाताने काढून टाका. त्याला कुठलंच अवजार लागत नाही, फक्त शिडी धरायला खाली एक माणूस लागतो.

खराटा काड्या खाली टेकवून उभा ठेवू नका, वाकून एका बाजूला झुकतो. बूड खाली, शेंडे वर असा ठेवा, किंवा खिळ्याला टांगा.